मॉर्सचा दिवा कपाटात ठेवू नका : सागरी प्रशिक्षण संस्था, परीक्षक आणि जहाज कंपन्यांना नागपूरहून खुले पत्र

प्रति,
देशातल्या सागरी प्रशिक्षण संस्थांचे प्राचार्य, डेक अधिकाऱ्यांच्या सक्षमता परीक्षा घेणारे परीक्षक आणि जहाज कंपन्यांचे प्रशिक्षण विभागप्रमुख यांस,

सविनय नमस्कार.

एका प्रशिक्षण संस्थेने आपल्या डेक कॅडेटांना, म्हणजे जहाज चालवायला शिकणाऱ्या शिकाऊ मुलांना, दिलेली सूचना या महिन्यात माझ्या हाती आली. मॉर्स दिव्याचा, म्हणजे प्रकाशाच्या लांब-आखूड झोतांनी संदेश देण्या-घेण्याचा, संध्याकाळचा सराव बंद. त्याऐवजी एक व्हिडिओ बघायचा, मग संगणकावर बहुपर्यायी प्रश्नांची चाचणी द्यायची आणि ती पार झाली की रेकॉर्ड बुकात, म्हणजे प्रशिक्षणाच्या नोंदवहीत, सही. संस्थेचं नाव मी लिहीत नाही. एकाच संस्थेला बोल लावून हा प्रश्न सुटणारा नाही, कारण माझ्याकडे येणारी मुलं वेगवेगळ्या संस्थांतली असतात आणि त्यांची हकीकत सारखीच असते. दिवा कपाटात आहे, कपाटाची चावी कुणाकडे आहे ते कुणाला माहीत नाही, आणि कागदावर मात्र दृश्य संकेतांपुढे ‘समाधानकारक’ असा शेरा आहे. हे मला गप्प बसून पाहवत नाही. म्हणून हे पत्र तुम्हाला, आणि ज्यांची मुलं तुमच्या हवाली आहेत त्या आईवडिलांनाही.

मी व्यापारी जहाजावर कॅडेट म्हणून चढलो आणि कप्तान म्हणून उतरलो. मूळचा नागपूरचा, निवृत्तीनंतर इथेच परत आलो. मुंबईचा समुद्र इथून रेल्वेनं आठशे किलोमीटरच्या पलीकडे आहे, तरी विदर्भातून दर वर्षी मुलं जहाजावर जायला निघतात, आता मुलीही निघतात. काटोल-वरुडकडच्या संत्राबागाईतदारांची, चंद्रपूर-बल्लारपूरच्या खाणकामगारांची, अजनीतल्या रेल्वेवाल्यांची. फीसाठी कुणी शेत गहाण टाकतं, कुणी भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढतं. निकाल लागला की बाप फोन करून विचारतो, “साहेब, पोरगा पास झाला नं? आता तर काही काळजी नाही नं?” त्या प्रश्नाला मला खरं उत्तर द्यायचं असतं. सुट्टीत ही मुलं आली की आम्ही फुटाळा तलावाच्या काठावर, आणि जास्त अंधार हवा असेल तर गोरेवाड्याच्या बाजूला, दिवा घेऊन बसतो. माझा यात स्वार्थ म्हणाल तर तो एवढाच : ही पोट्टी आमची आहेत, आणि उद्या रात्री बारा ते चारच्या वॉचला, म्हणजे पहाऱ्याच्या पाळीला, जहाज चालवायच्या जागी, ब्रिजवर, तीच उभी राहणार आहेत.

ज्यांचा जहाजाशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ब्रिजवर हातात धरायचा एक जोरदार दिवा असतो, जुनी माणसं त्याला आल्डिस म्हणतात. त्याचा झोत अरुंद असतो. वरच्या नळीतून समोरच्या जहाजावर नेम धरायचा आणि घोडा दाबत लांब-आखूड झोत पाठवायचे. आखूड म्हणजे टिंब, लांब म्हणजे रेघ. रेघ टिंबाच्या तिप्पट, दोन अक्षरांमध्ये तीन टिंबांएवढी उसंत, दोन शब्दांमध्ये सात टिंबांएवढी. जहाजांच्या आंतरराष्ट्रीय संकेतसंहितेत दिव्याचा प्रमाण वेग मिनिटाला ४० अक्षरं धरलेला आहे. हिशेब केला तर एक टिंब सेकंदाच्या साधारण सातव्या हिश्शाएवढं येतं. अनोळखी जहाजाला हाक मारायची तर ‘एए’ पुन्हा पुन्हा पाठवायचं. त्यानं ‘टीटीटीटी’ असं उत्तर दिलं की बोलणं सुरू. प्रत्येक शब्द पोचला की तो एक ‘टी’ देतो, आपलं चुकलं तर ओळीनं ‘ई’ पाठवून खोडायचं, शेवटी ‘एआर’. सगळं मिळालं की त्याच्याकडून ‘आर’. माझ्या तरुणपणी रात्रीच्या वॉचला शेजारून जाणाऱ्या जहाजाला ‘कोणतं जहाज, कुठे निघालात’ असं विचारणं हा नेहमीचा परिपाठ होता. त्यात वेळही जायचा आणि हातही तयार राहायचा.

हा दिवा काही हौसेनं ठेवलेला नाही. जहाजांच्या सुरक्षिततेच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या, सोलासच्या, पाचव्या प्रकरणानुसार १५० टनांच्या वरच्या प्रत्येक जहाजावर, आणि प्रवासी जहाज असेल तर कितीही लहान असलं तरी, दिवसा आणि रात्री प्रकाशानं संदेश देण्याचं साधन असलंच पाहिजे. ते फक्त जहाजाच्या विजेवर अवलंबून असता कामा नये, हेही त्याच नियमात आहे. म्हणजे नियम करणाऱ्यांनी गृहीत धरलं आहे की एखाद्या रात्री जनरेटर बंद पडेल, ब्रिजवरचे सगळे पडदे काळे होतील, आणि तेव्हा हातात हा दिवा आणि त्याची बॅटरी एवढंच असेल.

आणि माणसाबद्दलचा नियम? तो एसटीसीडब्ल्यू या, जहाजावरच्या माणसांच्या प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेत आहे, वॉच सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याच्या तक्त्यात. १९९५ च्या सुधारित संहितेत मॉर्स दिव्याने संदेश पाठवण्याची आणि घेण्याची क्षमता सरसकट मागितली होती. २०१० च्या मनिला सुधारणांनी, ज्या १ जानेवारी २०१२ पासून लागू झाल्या, ही मागणी आखडती घेतली. आता अधिकाऱ्याला दिव्यावरून ‘एसओएस’ आणि संकेतसंहितेतले एकाक्षरी संकेत, म्हणजे ज्यांत एकेका अक्षराला पूर्ण अर्थ ठरलेला आहे ते, पाठवता-वाचता आले म्हणजे पुरे. म्हणजे सवलत आधीच मिळालेली आहे, ओझं आधीच हलकं झालेलं आहे. उरलं आहे ते अगदी किमान, आणि तुम्ही आता त्या किमानातूनही अंग काढून घेत आहात.

माझी पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार इथेच आहे.

त्याच तक्त्यात ही क्षमता कशी तपासायची तेही लिहिलं आहे : प्रात्यक्षिक प्रशिक्षणातून किंवा सिम्युलेटरवरून मिळालेल्या पुराव्यावरून. आणि कसोटी काय, तर अधिकाऱ्याच्या कक्षेतला संवाद सातत्यानं यशस्वी झाला पाहिजे. पर्यायी प्रश्नांत संवाद कुठे आहे? पडद्यावर दोन टिंबं आणि एक रेघ छापलेली दिसते, खाली चार अर्थ दिसतात, मुलगा विचार करून एकावर बोट ठेवतो. कागदावरचं अक्षर त्याची वाट बघत थांबलेलं असतं. दिव्याचं अक्षर थांबत नाही. विचार करायला लागलात की ते गेलेलं असतं आणि पुढचं सुरू झालेलं असतं. दोन टिंबं आणि एक रेघ अशी मोजणी डोक्यात चालली तर मिनिटाला ४० अक्षरं कधीच वाचता येणार नाहीत. अक्षर एका दमात, त्याच्या लयीनं ओळखावं लागतं, तबल्याचे बोल कानात बसतात तसं. हे व्हिडिओ बघून बसत नाही. रोज थोडा वेळ, दोघांनी समोरासमोर, एकानं दिवा धरून आणि दुसऱ्यानं नजर न हलवता, असं काही आठवडे केलं तर बसतं.

अर्धवट शिकलेल्याचं काय होतं ते मुद्दाम उदाहरण घेऊन सांगतो, कारण हे पालकांनाही कळायला हवं. टिंबाला डिट आणि रेघेला डा म्हणतात. ‘यू’ म्हणजे डिट-डिट-डा. अर्थ : तुम्ही धोक्याकडे निघाला आहात. त्याला उलटं केलं की ‘डी’, डा-डिट-डिट. अर्थ : माझ्यापासून दूर राहा, मला जहाज वळवणं कठीण जात आहे. ‘यू’मध्ये एक टिंब वाढलं की ‘व्ही’ : मला मदत हवी आहे. ‘डब्ल्यू’ म्हणजे वैद्यकीय मदत हवी, उलटं वाचलं तर ‘जी’, बंदरात वाट दाखवणारा पायलट हवा. ‘एल’ म्हणजे ताबडतोब थांबा, आणि तेच उलटं वाचलं तर ‘एफ’, मी निकामी झालो आहे, माझ्याशी संपर्क साधा. ‘यू’ बघून ‘डी’ वाचणारा मुलगा काय करेल? समोरचा अडचणीत आहे असं समजून त्याच्यापासून बाजूला वळेल, आणि कदाचित ज्या धोक्यापासून तो सावध करत होता त्याच्याच अंगावर जाईल. नवशिके उलटीच अक्षरं घोटाळतात, हे शिकवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पर्यायी चाचणीत हा घोटाळा कधी पकडलाच जात नाही, कारण तिथे अक्षर डावीकडून उजवीकडे छापलेलं असतं.

नोकरीच्या आधी आपण या मुलांचे डोळे किती काटेकोरपणे तपासतो! इशिहाराच्या ठिपक्यांच्या पाट्या, दूरची नजर, जवळची नजर. रंगात थोडी गफलत झाली तर मुलाचं सगळं स्वप्न तिथेच संपतं, आणि ते योग्यही आहे. पण त्याच डोळ्यांना समोरचा प्रकाश वाचता येतो का, हे कुणी बघत नाही.

दुसरी तक्रार लहान आहे. जिथे दिव्याचा सराव होतो तिथेही बहुतेक वेळा फक्त पाठवायला शिकवतात. पाठवणं सोपं, कारण काय पाठवायचं ते आपल्याला माहीत असतं. खरं कौशल्य वाचण्याचं आहे. तेही दुपारी, वर्गात, पाच-सात पावलांवरून नव्हे. फुटाळ्यावर मी मुलांना मुद्दाम अशा बाजूला बसवतो की समोरच्या दिव्याच्या मागे शहराचे दिवे, गाड्यांचे हेडलाइट, दुकानांच्या पाट्या असतील. पहिल्या दिवशी त्यांना आमचा दिवा सापडतच नाही. बंदराच्या तोंडाशी नांगरलेल्या जहाजावरून किनाऱ्याकडे बघताना नेमकं हेच होतं.

तिसरी तक्रार कंपन्यांकडे. परदेशी बंदरात तपासनीस चढतो तेव्हा दिवा आहे का, बॅटरी भरलेली आहे का, संकेतसंहितेची प्रत ब्रिजवर आहे का, हे बघितलं जाऊ शकतं, म्हणून तेवढं नीट ठेवलेलं असतं. तिसरा मेट, म्हणजे ब्रिजवरचा कनिष्ठ अधिकारी, ठरल्या दिवशी बटण दाबून बघतो, चेकलिस्टवर खूण करतो, दिवा परत खोक्यात. त्या दिव्याने शेवटचं अक्षर कधी पाठवलं गेलं, असं कुणी विचारत नाही. कॅडेट वर्ष-दीड वर्ष जहाजावर काढतो आणि एकाही जहाजाशी दिव्यानं न बोलता परीक्षेला येतो. यात त्याचा काय दोष?

आता तुमच्या उत्तराकडे येतो. ते मी पुष्कळदा ऐकलं आहे : कप्तानसाहेब, तुमचा जमाना गेला, आता व्हीएचएफ रेडिओ आहे, उपग्रह आहे, जहाजाचं नाव-ठिकाण आपोआप कळवणारं एआयएस आहे, मॉर्स कुठे राहिला?

रेडिओवरचा मॉर्स गेला, हे खरंच आहे. जीएमडीएसएस ही संकटसंदेशांची नवी जागतिक व्यवस्था १ फेब्रुवारी १९९९ पासून पूर्णपणे लागू झाली आणि जहाजावरचे रेडिओ ऑफिसर गेले. मी त्यांच्याबरोबर काम केलं आहे. नवी व्यवस्था आली तिचं मी स्वागतच केलं, कारण तिने माणसं वाचवली आहेत. रेडिओला कमी लेखण्याचा माझा अजिबात हेतू नाही. २६ मार्च २०२४ च्या रात्री बाल्टिमोरमध्ये डाली या जहाजाची वीज गेली आणि ते पुलाच्या खांबावर आदळलं. पायलटनं रेडिओवरून वेळेत इशारा दिला म्हणून पुलावरची वाहतूक थांबवता आली. तरी पुलावर काम करणारे सहा कामगार गेले. त्या जहाजावरचे बहुतेक खलाशी भारतीय होते. एवढं मोठं आधुनिक जहाज ऐन बंदरात क्षणात काळोखात जाऊ शकतं, हे त्या रात्री सगळ्या जगानं पाहिलं. अशा काळोखात रेडिओची एक वाट चालू राहिली, पण दुसरी, दिव्याची, कुणाला येतच नसेल तर त्याला तयारी म्हणता येणार नाही.

शिवाय दिव्याकडे एक गुण आहे जो व्हीएचएफकडे नाही. रेडिओ सगळ्यांशी बोलतो. दिवा एकाशीच बोलतो, आणि तो कोण हे दोघांनाही डोळ्यांनी दिसत असतं. एआयएस यायच्या आधीची गोष्ट आहे. कच्छच्या आखाताबाहेर एका रात्री आम्ही बंदराकडे निघालो होतो. व्हीएचएफवर कुणीतरी ‘माझ्या डाव्या बाजूचं जहाज’ अशी हाक मारत होतं, आणि तीन-चार जहाजं एकदम उत्तरं देत होती. तेवढ्यात नांगरलेल्या एका जहाजावरून थेट आमच्या ब्रिजवर झोत आला : डिट-डिट-डा, डिट-डिट-डा. वॉचवर असलेल्या सेकंड मेटनं ‘यू’ वाचला, वेग तोडला, आणि मग आम्हाला पुढे टगच्या मागे ओढला जाणारा, दिवे विझलेला बार्ज, म्हणजे माल वाहणारी सपाट होडी, दिसला. ती हाक आमच्यासाठीच होती हे सेकंड मेटला कळायला नाव लागलं नाही, कॉल साइन लागलं नाही, इंग्रजीही लागलं नाही.

आता एआयएसवर नावं दिसतात, मान्य. पण बार्जवर ते असेलच असं नाही, मासेमारीच्या लहान बोटींवर बहुधा नसतंच, आणि ते चुकीचं भरलेलं किंवा बंद ठेवलेलंही असू शकतं. आपल्या किनाऱ्यावरून रात्री जहाज नेलेला कुणीही सांगेल की कोकणापासून केरळपर्यंत बोटींचे थवेच्या थवे असतात आणि रेडिओवर सगळ्यांनी ऐकायच्या चॅनेल १६ वरच्या हाकेला त्यातली क्वचितच एखादी ओ देते. २०१७ च्या जूनमध्ये कोचीजवळ अंबर एल हे मालवाहू जहाज आणि कार्मेल माता ही मच्छीमार बोट यांची टक्कर झाली. २०२१ च्या एप्रिलमध्ये मंगळुरूजवळ एपीएल ल हाव्र आणि रबाह या बोटीची. दोन्ही वेळा गरीब मच्छीमार जिवाला मुकले. मोठं जहाज आणि लहान बोट आपल्या पाण्यात रोज रात्री समोरासमोर येतात. टक्करप्रतिबंधक नियमांतला ३४ वा नियम सांगतो की समोरच्याचा इरादा कळत नसेल तर भोंग्याचे किमान पाच आखूड, घाईचे आवाज द्या, आणि त्याच्या जोडीला दिव्याचे किमान पाच आखूड झोत देता येतात. बोटीवरच्या तांडेलाला इंजिनाच्या आवाजात भोंगा ऐकू येईलच असं नाही, पण डोळ्यावर आलेला झोत त्याला दिसतो. मात्र दिवा खोक्यात असेल, बॅटरीचा प्लग कुठे लावायचा हेच वॉचवरच्या मुलाला शोधावं लागत असेल, तर ते पाच झोत वेळेवर जाणार कसे?

आणखी एक गोष्ट मी विदर्भातल्या मुलांच्या बाजूनं सांगतो. यवतमाळ, गडचिरोलीकडच्या मुलाचं इंग्रजी पहिल्या वर्षी रेडिओवर अडखळतं. समोरचा चिनी, फिलिपिनो किंवा युक्रेनी असेल तर दोघांचेही उच्चार एकमेकांना कळत नाहीत. संकेतसंहिता नऊ भाषांत आहे आणि ‘यू’चा अर्थ नऊही भाषांत तोच आहे. काटोलच्या पोराचा ‘यू’ आणि ओसाकाच्या पोराचा ‘यू’ यांत काडीचाही फरक नाही. ज्या मुलाचा रेडिओवर बोलताना आत्मविश्वास ढळतो, त्याच मुलाला मी दिव्यावर सगळ्यांच्या पुढे जाताना पाहिलं आहे. त्याच्याकडून तुम्ही हे साधन काढून घेत आहात.

अॅप येईल, तेच दिवा वाचेल, असंही सांगितलं जातं. येऊ द्या. अमेरिकेच्या नौदलानं २०१७ साली यूएसएस स्टाउट या विनाशिकेवर दिव्याच्या झोतांचा मजकूर करणारी यंत्रणा चाचणीला लावली होती. तिचा अर्थ मी असा लावतो की जगातलं सगळ्यात श्रीमंत नौदल दिवा सोडायला तयार नाही, उलट त्यावर खर्च करतं आहे. पण व्यापारी जहाजाच्या वॉचवर पावसाचे थेंब उडत असताना, हलत्या ब्रिजच्या पंखावर उभं राहून फोन कुठल्या जहाजाकडे धरायचा हे ठरवणारा माणूसच असतो. आधी त्याला दिसलं पाहिजे की कुणीतरी आपल्याशी बोलतं आहे.

समुद्र सोडून इथल्याच दोन गोष्टी सांगतो. सोनेगावच्या विमानतळावर उतरणाऱ्या वैमानिकालाही हे शिकावं लागतं : रेडिओ बंद पडला तर मनोऱ्यातून हिरवा स्थिर झोत म्हणजे उतरा, लाल स्थिर म्हणजे दुसऱ्याला वाट द्या आणि घिरट्या घालत राहा. विमानाच्या धंद्यानं उपग्रहांच्या काळातही हे धडे काढून टाकलेले नाहीत. आणि २०२३ च्या सप्टेंबरातली ती रात्र नागपूरकर विसरलेले नाहीत. अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला, नाग नदी घराघरांत शिरली, वस्त्याच्या वस्त्या अंधारात होत्या, आणि सुटकेच्या पथकांना पाण्यात बोटी घालाव्या लागल्या. कामठीहून लष्कराचे जवान आले होते. अशा वेळी गच्चीवरून हलणारा टॉर्च हा शब्दांइतकाच स्पष्ट असतो. त्या टॉर्चनं तीन आखूड, तीन लांब, तीन आखूड देता येणारा एक मुलगा प्रत्येक वस्तीत असावा असं मला तेव्हापासून वाटतं. पण तो या पत्राचा विषय नाही.

विषय हा आहे की जहाजावरच्या प्रशिक्षणातला हा भाग असा आहे ज्याला समुद्र लागत नाही. सूर्य-ताऱ्यांची उंची मोजायच्या सेक्स्टंटला क्षितिज लागतं. जहाज वळवायला शिकायचं तर जहाज लागतं, नाहीतर महागडा सिम्युलेटर लागतो. दिव्याला लागतात दोन दिवे, दोन माणसं आणि अंधार. अंबाझरीवर एनसीसीच्या नौदल शाखेची मुलं होड्या वल्हवायला शिकतात ती याच शहरात. मग ज्या संस्थेच्या खिडकीतून समुद्र दिसतो तिला जागा नाही, वेळ नाही, साधन नाही, हे मी कसं मान्य करू? अभ्यासक्रम भरगच्च आहे, मला ठाऊक आहे. पण हा सराव वर्गाच्या तासांतला नाही. जेवणाआधीची वीस मिनिटं, वसतिगृहाच्या दोन गच्च्या, आणि एक शिक्षक ज्याला स्वतःला वाचता येतं. शेवटची अट कदाचित सगळ्यात अवघड असेल, आणि तसं असेल तर तेही मोकळेपणानं सांगा. निवृत्त मास्टर आणि मेट या देशात कमी नाहीत. बोलावलंत तर पुष्कळ जण येतील, मीही येईन, मानधनाशिवाय येईन.

माझ्या मागण्या अशा आहेत.

संस्थांनी प्रत्येक तुकडीला खरा सिग्नल दिवा हातात देऊन, अंधार पडल्यावर, मोकळ्या जागेत, लांबून सराव द्यावा, आणि त्यात पाठवण्यापेक्षा वाचण्याला जास्त वेळ ठेवावा. नियम फक्त ‘एसओएस’ आणि एकाक्षरी संकेत मागत असला तरी पूर्ण वर्णमाला आणि अंक शिकवावेत. सव्वीस अक्षरं आणि दहा अंक ही काही फार मोठी मागणी नाही, आणि सगळी अक्षरं आल्याशिवाय एकेक अक्षर ओळखण्यात खात्री येत नाही.

परीक्षकांनी पर्यायी प्रश्नांचा कागद या क्षमतेचा पुरावा म्हणून स्वीकारू नये. तोंडी परीक्षेच्या दिवशी उमेदवारासमोर दिवा लावा, आगाऊ न सांगितलेली अक्षरं पाठवा, उलट्या जोड्या मुद्दाम मिसळा, आणि जे वाचता आलं नाही ते आलं नाही असंच लिहा. नापास झालेल्याला महिन्याभरात फक्त याच भागाची फेरपरीक्षा द्यावी, म्हणजे मुलाचं वर्षही जाणार नाही आणि सहीची किंमतही राहील.

कंपन्यांनी कॅडेटाच्या रेकॉर्ड बुकावर सही करण्याआधी कप्तानानं किंवा चीफ ऑफिसरनं प्रत्यक्ष पाहिलेला दिव्याचा संवाद मागावा. नांगरावर असताना आपल्याच कंपनीची दोन जहाजं जवळ असतील तर त्यांनी एकमेकांशी दिव्यानं बोलावं, नसतील तर ब्रिजवरून फोक्सलवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडे. बॅटरी तपासायची ती संदेश पाठवून तपासावी. सक्षमता प्रमाणपत्राचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण होतं. त्या वेळीही अर्धा तास दिव्यासाठी काढायला हरकत नसावी, कारण हा हात सरावाविना जातो, कप्तानाचाही जातो.

आणि एक मागणी आमच्यासारख्या समुद्रापासून दूर राहणाऱ्यांसाठी. दिव्याच्या सरावाच्या ध्वनिचित्रफिती, सोप्या वेगापासून प्रमाण वेगापर्यंत, मराठी सूचनांसह मोफत उपलब्ध करा. प्रवेश मिळाल्यापासून वर्ग सुरू होईपर्यंत मुलांचे काही आठवडे रिकामे जातात. तेवढ्यात नागपूर, अमरावती, चंद्रपूरची मुलं वर्णमाला पाठ करून येतील. चित्रफीत सरावाला चालेल, परीक्षेला नाही, एवढंच लक्षात ठेवा.

पालकांना माझी विनंती आहे की फी भरताना वसतिगृह आणि जेवण यांबरोबर एवढंही विचारा : संस्थेत चालू स्थितीतले सिग्नल दिवे किती, अंधारातला सराव आठवड्यातून किती वेळा, आणि वाचण्याची परीक्षा कोण घेतो? हेच तीन प्रश्न मी या पत्रातून सगळ्या प्राचार्यांना विचारतो आहे. उत्तर मला खासगीत नको. तुमच्या सूचना फलकावर आणि प्रवेश पुस्तिकेत लिहा, म्हणजे विदर्भातल्या बापाला मुलाचा हात तुमच्या हाती देण्याआधी ते वाचता येईल.

आपला,
व्यापारी नौदलातला एक निवृत्त कप्तान
नागपूर